पासेचे तिसरे भोक

लातूरच्या प्लाझ्मावाल्याने मला फसवले. मी त्याला फसवले नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण तो सगळीकडे उलटे सांगतो आणि बोलायला तो माझ्यापेक्षा गोड आहे.

नांदेड जिल्ह्यात लोह्याला माझे वर्कशॉप आहे. आयटीआयला वेल्डिंग शिकलो, दुसऱ्यांच्या शेडमध्ये राबलो, मग स्वतःची शेड टाकली. शेड टाकताना कोणी मदत केली नाही, हेही लिहून ठेवतो. माझा मुख्य माल म्हणजे कोळपणीची पास. ट्रॅक्टरच्या किंवा बैलांच्या मागे फणाला खालून एक लोखंडी पाते बोल्टने बसवतात, बाणाच्या टोकासारखे, दोन पंखांचे. ते मातीच्या वरच्या थराखालून चालते आणि सोयाबीनच्या दोन ओळींमधले गवत मुळातून उचलते. ती पास. काम एवढेच. पण आमच्या काळ्या रानात जरा ओल असली की साधी पास चार पावलांत मातीने आणि गवताने गुरफटते, आणि मागून चालणाऱ्याला वाकून ती साफ करावी लागते.

आमच्या घरात मागून चालणारी माझी बायको होती. लग्नानंतर आम्ही दुसऱ्याचे रान बटईने करायचो. मी पास हाणायचो, ती मागून गवत काढायची आणि मला शिव्या द्यायची. एकदा ती बांधावर बसली आणि म्हणाली, "तुमची पास गवत कापाया बघती. कापू नका ना त्याला. सरकवा की बाजूला." मी पास खोलली, पंखाची मागची कड कानशीने थोडी घासली, परत बसवली. पुन्हा घासली. असे काही हंगाम गेले. शेवटी पंखाला एक बाक आला, विळ्याच्या पाठीसारखा, आणि गवत त्या बाकावरून आपोआप सरकून मागे पडू लागले. बायको मागे चालायची बंद झाली. आमच्या घरातला सगळ्यात मोठा शोध हाच. त्यानंतर तिने टीव्ही घ्यायला लावला.

आमच्या धंद्यात कागदावर काही नसते. आकार ठरला की त्याच आकाराचा पत्र्याचा फर्मा करून ठेवायचा. फर्मा नव्या लोखंडावर ठेवून खडूने रेघ ओढायची आणि त्या रेघेवरून गॅस कटर चालवायचा. काम झाले की फर्मा भिंतीवर खिळ्याला टांगायचा. म्हणून प्रत्येक फर्म्याच्या एका टोकाला एक भोक असते. फर्मा शेडबाहेर जात नाही. सख्खा भाऊ मागायला आला तरी त्याला चहा पाजायचा, फर्मा द्यायचा नाही. परका माणूस शेडमध्ये आला की काही जण फर्मा भिंतीकडे तोंड करून फिरवतात. आकार दोन्हीकडून सारखाच दिसतो, तरी फिरवतात. खंडेनवमीला शेजारचे शेडवाले फर्म्यांना हळदकुंकू वाहतात. आम्ही बौद्ध, आमच्याकडे पूजा नाही. मी त्या दिवशी फर्मा डिझेलने पुसतो आणि परत टांगतो. मान तेवढाच.

असा तो फर्मा मी पहिल्यांदा शेडबाहेर नेला. लातूरला.

गॅस कटरने माझा खांदा गेला होता. हाताने कापलेली कड लाटा मारते, मग ती ग्राइंडरने घासत बसा. छोटे ट्रॅक्टर गावोगावी आले तशी पासेची मागणी वाढली आणि मी पुरा पडेना. लातूरच्या एमआयडीसीत एकाने प्लाझ्मा कटिंगचे टेबल टाकले आहे असे कळले. मी फर्मा गोणपाटात गुंडाळला, एसटीत मांडीवर घेतला आणि गेलो.

प्लाझ्मावाला गोरा, बारीक मिशीचा, माझ्याच वयाचा. त्याला सगळे शेठ म्हणायचे, मीही म्हटले. तो मला मिस्त्री म्हणाला.

"या मिस्त्री, या. लोह्याहून कुणी येणार म्हणलं तवाच दोन चहा सांगितले."

"माझा नको. चहा पिलो की मी नरम पडतो."

"मग तर दोन कप पाजतो!"

टेबल म्हणजे पाण्याने भरलेला लोखंडी पलंग. वर उभ्या पट्ट्या, पट्ट्यांवर लोखंडाची प्लेट. प्लेटवरून एक चोच फिरते. चोच खाली आली, चर्र आवाज झाला, निळापांढरा उजेड पडला आणि बोटाएवढे जाड लोखंड कापडासारखे फाटत गेले. मी आयुष्यभर लोखंड कापले, पण लोखंडाने इतकी कमी कुरकुर केलेली कधी पाहिली नव्हती. हे मी चेहऱ्यावर दिसू दिले नाही. चेहऱ्यावर दिसले की रेट वाढतो.

"आत कंचा गॅस जळतोय?" मी विचारले.

"गॅस कुठला? हवा हाय. कॉम्प्रेसरची साधी हवा. तिच्यातून वीज सोडली की ती हवा राहत नाही, लई तापते, तिचा प्लाझ्मा होतो. आभाळातली वीज पडती ना, तसंच. फक्त आपण सांगू तिथं पडती."

"हवा तर फुकट हाय, शेठ. मग रेट कशाचा लावता?"

शेठ हसला. मी हसलो नाही. मग आमचा सौदा सुरू झाला, आणि तो दुपारच्या जेवणापर्यंत चालला. कापलेल्या लांबीचा वेगळा दर आणि प्रत्येक भोकाचा वेगळा, कारण भोक पाडताना चोचीचे टोक झिजते. लांबीचा दर मी खाली आणला. उरलेली कतरण त्याला ठेवायची होती. मी म्हटले, प्लेट माझी तर कतरणही माझीच, तुम्ही न्हाव्याकडं जाऊन डोकं ठेवून येता का? शेवटी राहिले ड्रॉइंग. फर्म्यावरून कॉम्प्युटरमध्ये आकार उतरवावा लागतो, त्याचे वेगळे पैसे. मी उठून उभा राहिलो आणि फर्मा गोणपाटात गुंडाळायला लागलो.

"बसा हो मिस्त्री, बसा. ड्रॉइंग आपल्याकडून."

मी बसलो. त्या दिवशी मी सगळे जिंकलो. चहासुद्धा त्याचाच होता.

ऑपरेटरने फर्मा कॉम्प्युटरशेजारी ठेवला. मी त्याला बजावले, "जसा हाय तसाच काढायचा. केसाएवढा फरक पडला तर माल तुझ्या अंगावर टाकीन." तो बिचारा घाबरला. त्याने जसा आहे तसाच काढला. नमुन्याच्या पासा टेबलावरून गरम गरम बाहेर आल्या. बाक अगदी माझा. कड आरशासारखी. आणि बोल्टच्या दोन भोकांशिवाय पंखाच्या टोकाला आणखी एक भोक.

मी ते लगेच पाहिले नाही. बिलात भोकांचा आकडा जास्त दिसला म्हणून पाहिले.

"हे तिसरं कशाचं लावलं?"

"तुमच्या फर्म्याला हाय की," ऑपरेटर म्हणाला.

"अरे ते खिळ्याचं हाय! भिंतीला टांगायचं!"

"तुम्हीच म्हणले, जसा हाय तसा."

मी आवाज चढवला. टेबल थांबले. शेठ आतून आला, त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, तिसऱ्या भोकाचे पैसे काढून टाकले आणि ऑपरेटरला दुसरे ड्रॉइंग करायला लावले, बिनभोकाचे. नमुन्याच्या पासा तिथेच कोपऱ्यात पडल्या. पहिले ड्रॉइंग कॉम्प्युटरमध्येच राहिले. ते पुसा, असे मी म्हणालो नाही. लोखंडाची कतरण मी गोणीत भरून आणली होती; कॉम्प्युटरमध्येही कतरण राहते हे मला कुणी सांगितले नव्हते.

काही वर्षे बरी गेली. लातूरहून कापून यायचे, मी लोह्यात धार लावायचो, रंग द्यायचो, विकायचो. प्लाझ्माने कापलेल्या कडेला एक वेगळाच कडकपणा येतो. तिथे ड्रिल लावले की बिट मोडते. म्हणून भोके टेबलावरच पाडून घ्यावी लागत. मोजून दोन. मी प्रत्येक लॉटला तपासायचो.

मग एका हंगामात हदगावकडचा एक जुना गिऱ्हाईक आला. बाप माझ्याकडून न्यायचा, आता हा नेतो. त्याने पास हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"मामा, याला भोक न्हाई."

"दोन हायत की."

"तसलं न्हाई. पंखाला असतंय ते. वल्ल्या रानात माती त्यातून निसटती, पास गुरफटत न्हाई."

"कोण म्हणतंय?"

"समदे म्हणून राहिले. ओरिजनलला भोक असतंय. बिनभोकाची म्हंजी डुप्लिकेट."

त्याच्यापुढे मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. तो शांतपणे ऐकून समोरच्या दुकानात गेला आणि तिथून भोकाची पास घेऊन मला दाखवत निघून गेला. संध्याकाळी मी त्याच दुकानातून एक पास घेतली, शेडमध्ये नेली, खिळ्यावरचा फर्मा काढला आणि तिच्यावर ठेवला. कडेला कड. बाकाला बाक. आणि भोकाला भोक. फर्म्याच्या भोकातून मी खिळा घातला, तो खालच्या पासेतून आरपार गेला.

नंतर समजले ते असे. शेठचे ते पहिले ड्रॉइंग पेनड्राइव्हवरून गावोगावच्या टेबलांवर पोचले होते. आता प्लाझ्माची टेबले काही फक्त लातूरला नाहीत. नांदेडला आहेत, इतर तालुक्यांना आली आहेत, आणि सगळी माझ्या भिंतीवरच्या खिळ्यासाठी भोक पाडत आहेत. लोकांनी त्या भोकाला कामही शोधून दिले आहे. कोणी म्हणतो माती निसटते, कोणी म्हणतो हवा खेळते, कोणी म्हणतो त्याने डिझेल कमी लागते. बाकाबद्दल कोणी काही म्हणत नाही. गवत सरकते ते बाकामुळे, पण बाक डोळ्यांत भरत नाही. भोक भरते.

मी शेठला फोन केला. तो म्हणाला, या एकदा, चहा घेऊ. पुन्हा केला. म्हणाला, या की. मी जायचो तेव्हा तो पुण्याला गेलेला असायचा.

मग नांदेडच्या एका कॉलेजात कार्यक्रम होता: प्लाझ्मा तंत्रज्ञान, उद्योगातले उपयोग आणि पुढच्या संधी. वर्कशॉपवाल्यांना बोलावणे होते. पाहुण्यांच्या यादीत शेठही होता. मी फर्मा गोणपाटात गुंडाळला आणि दुसऱ्यांदा शेडबाहेर काढला.

मुख्य भाषण एका संशोधक बाईंचे होते. बाई चांगल्या बोलल्या, हे मला मान्य करायला हरकत नाही. त्यांचे माझे भांडण नाही. त्या म्हणाल्या, घन, द्रव, वायू हे तुम्ही शाळेत शिकलात. प्लाझ्मा ही त्यापुढची अवस्था. कापणे हे त्यातले सगळ्यात दांडगट काम. त्याच प्लाझ्मात, पण झाकलेल्या भांड्यात, लोखंड ठेवले तर त्याच्या कातडीत नायट्रोजन शिरतो आणि वरचा थर कडक होतो. आतले लोखंड चिवटच राहते. यंत्रांचे दाते असे करतात. पाण्यातले जंतू मारण्यावर, कचऱ्याचा गॅस करण्यावर काम सुरू आहे. थंड प्लाझ्माही असतो, हाताला न भाजणारा. तो बियाण्यावरून फिरवला तर बुरशी कमी होते का, उगवण सुधारते का, हे बघत आहेत. सोयाबीनवरही बघत आहेत, पण अजून सगळीकडे सारखे निकाल नाहीत, उगाच बियाणे घेऊन कोणाकडे धावू नका.

मी वहीत काही लिहिले नाही, पण पासेची धार कडक आणि पोट चिवट हे माझ्या डोक्यात घुसले. धार बोथट होते हे पासेचे दुसरे दुखणे. पहिले मी आणि बायकोने बरे केले होते.

मग शेठ उठला. कोटातून त्याने एक पास काढली. भोकाची.

"मॅडम, हे आपल्या मराठवाड्यातलं प्लाझ्माचं यश. असली पास आज घरोघर हाय."

बाईंनी पास हातात घेतली. भोकाकडे त्यांनी पाहिलेही नाही. कडेवरून बोट फिरवले आणि विचारले, "हा पंखाचा बाक फार विचार करून काढलेला दिसतो. कोणी काढला?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता. मी खुर्चीच्या कडेला आलो.

शेठ म्हणाला, "आमच्या डिझाइन विभागानं."

डिझाइन विभाग मी पाहिला आहे. एक कॉम्प्युटर आहे आणि एक खुर्ची आहे, तिचे एक चाक तुटले आहे.

मी उठलो, चालत स्टेजपर्यंत गेलो, गोणपाट सोडले आणि फर्मा त्या पासेवर ठेवला. "बघा मॅडम. हा माझा फर्मा. कड बघा. बाक बघा. आन हे भोक बघा. हे माझ्या शेडमधल्या खिळ्याचं भोक हाय. यांच्या मशिनीनं खिळ्याचं भोकबी चोरलं."

मग मागून देवणीचे एक म्हातारे म्हणाले, "मी म्हणलंच होतं, टांगायला असंल," आणि सगळे हसले. माझ्यावर नाही, म्हाताऱ्यावर. एक जण उठून म्हणाला, "मामा, चेष्टा करू नका. माझ्या रानात त्या भोकानं लई फरक पडलाय." दुसरा म्हणाला, "हाव, माती धरत न्हाई." तिसरा म्हणाला, "म्हंजी भोकाची आयडिया मिस्त्रींची म्हणा की! कधी बोलले न्हाईत राव."

"आयडिया न्हाई, खिळा!" मी ओरडलो.

"किती साधा माणूस," कोणीतरी म्हणाले.

शेठला वेळ लागला नाही. त्याने माईक घेतला. "मित्रांनो, आज कबूल करायला आनंद होतो, ह्या भोकाचे मूळ संशोधक लोह्याचे हे मिस्त्री. असं डोकं आपल्या मातीत हाय." टाळ्या झाल्या. कॉलेजवाल्यांनी पाहुण्यांसाठी आणलेल्या शालींतली एक त्याच्या हातात दिली. त्याने ती माझ्या खांद्यावर टाकली, त्याच गेलेल्या खांद्यावर.

"आन बाक?" मी त्याला विचारले. माईक त्याने खाली धरला होता.

शाल सारखी करत तो माझ्या कानाशी म्हणाला, "मिस्त्री, ड्रॉइंगचे पैसे तुम्ही दिले न्हाईत. ज्यानं ड्रॉइंगचा खर्च केला त्याचं ड्रॉइंग. सौदा तुम्हीच केला व्हता."

फोटो निघाला. फोटोत मी रागात आहे, पण शाल पांघरलेला माणूस रागात दिसला तरी लोकांना तो भावुक झाला असे वाटते.

नंतर चहाच्या वेळी बाई माझ्याकडे आल्या. "भोकाचं मी काही सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या, "मोजून बघावं लागेल. पण बाकाचं मला पटलं. तुमच्या पासेची धार आमच्याकडच्या भट्टीत कडक करून बघू. भोकाची आणि बिनभोकाची दोन्ही पाठवा, शेतात चालवून तपासू. सोबत ड्रॉइंग द्या."

"ड्रॉइंग शेठकडं हाय," मी म्हटले.

बाईंनी मला बिस्कीट दिले.

हे होऊन आता बराच काळ लोटला. शाल बायकोने दिवाणावर अंथरली आहे. ती म्हणते, "पाडा की एक भोक. काय बिघडतंय? लोक मागून राहिले." माझे दोन शेजारी भोक पाडून मोकळे झाले. एक तर दोन पाडतो आणि डबल पॉवर म्हणून विकतो. मी पाडणार नाही. ज्या पासेचा आकार आम्ही रानात वाकून वाकून काढला, तीच पास आज माझ्या दुकानात डुप्लिकेट आहे, आणि ती ओरिजनल करायची तर मला माझ्याच खिळ्याची नक्कल करावी लागेल.

ती असेही म्हणते, "मग निदान फर्म्याचं भोक वेल्डिंग करून बुजवा, म्हंजी वादच मिटला." तेही करता येत नाही. बुजवले तर पुरावा जातो. म्हणून फर्मा अजून त्याच खिळ्याला, त्याच भोकातून टांगलेला आहे. आता कोणी परका आला तरी मी तो फिरवत नाही. उलट उजेडात करतो.

शेठ, हे तुमच्यासाठी लिहिले. ड्रॉइंगचे पैसे मी दिले नाहीत, कारण तुम्ही म्हणालात, आपल्याकडून. दिलेली वस्तू देणाऱ्याची राहत नाही. आणि समजा ड्रॉइंग तुमचे, तरी ते कशाचे काढले होते? तुमच्या खुर्चीवर बसून गवत सरकवायचे कोणाला सुचले होते? तुमच्या विभागातले कोण मागून चिखलात चालले होते, त्याचे नाव सांगा. मंगळवारी लोह्याचा बाजार असतो. त्या दिवशी या, माझ्या शेडसमोर उभे राहा, पास हातात धरा आणि जमलेल्या लोकांना दोन गोष्टी सांगा: भोक कशाचे आहे, आणि बाक कोणाचा आहे. भोक माझ्या नावावर लावताना माईक तोंडाशी होता. बाकाचे बोलतानाही तो तोंडाशीच पाहिजे. चहा मी पाजतो. नरम पडणार नाही. उत्तर द्या.